लॅटिन अमेरिकेतलं चर्च आणि बंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिबरेशन थिऑलॉजी म्हणजे काय? 'मुक्ती' म्हणजे मोक्षच ना?

मराठीत पहिला घोटाळा इथेच होतो. 'मुक्ती' म्हटलं की आपल्याला जन्ममरणाचा फेरा आठवतो. मराठी ख्रिस्ती बोलीत पापातून सुटकेला 'तारण' म्हणतात, स्पॅनिशमध्ये साल्वासियोन. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी मुद्दाम दुसरा शब्द उचलला: लिबेरासियोन. जमीनदार, कर्ज आणि परकी सत्ता यांच्या तावडीतून सुटण्यासाठी त्या काळी सगळीकडे वापरला जाणारा हा शब्द. जुलै १९६८ मध्ये चिंबोते या मासेमारीच्या बंदरात त्यांनी या विषयावर भाषण दिलं आणि १९७१ मध्ये लिमात त्याचं पुस्तक झालं.

त्यांचं म्हणणं असं की तारण आणि भाकरी यांचे हिशेब दोन वेगळ्या वह्यांत मांडता येत नाहीत. गरिबी नशिबात लिहिलेली नसते, माणसांनी केलेली असते, म्हणून ती मोडताही येते. बायबलमधल्या 'निर्गम' पुस्तकात देव आधी गुलामांना इजिप्तमधून बाहेर काढतो, नियम नंतर देतो, याकडे ही मंडळी वारंवार बोट दाखवतात. आपल्याकडे 'मुक्तीचं धर्मशास्त्र' असं भाषांतर चालतं. ते चुकीचं नाही, फक्त वाचताना मोक्ष बाजूला ठेवावा.

नावांचे उच्चार कसे करायचे?

स्पॅनिशमध्ये 'एच' मुका असतो, 'जे'चा उच्चार 'ख'च्या जवळ जातो आणि दोन 'एल' बहुतेक ठिकाणी 'य' होतात. म्हणून मेदेयीन, खोसे, व्हियाफ्लोर. कोलंबियाच्या त्या भागात लोक 'मेदेजीन'ही म्हणतात. दोन्ही चालतं.

हे सगळं १९६८ मध्येच सुरू झालं का?

नाव तेव्हाचं, भांडण जुनं. २१ डिसेंबर १५११ च्या रविवारी आजच्या डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगो इथे आंतोनियो दे मोंतेसिनोस हा डोमिनिकन पंथाचा साधू प्रवचनाला उभा राहिला. समोर वसाहतीचे अधिकारी आणि वेठबिगारीवर गबर झालेले मालक बसले होते. ही माणसं नाहीत का, यांना जीव नाही का, असं त्याने स्थानिक लोकांबद्दल त्यांना तोंडावर विचारलं. बार्तोलोमे दे लास कासास तेव्हा स्वतःच वेठबिगारांचा मालक होता. तीन वर्षांनी त्याने ते सोडलं आणि उरलेलं आयुष्य या लढ्यात घालवलं. मात्र मूळ रहिवाशांना वाचवण्यासाठी आफ्रिकन गुलाम आणावेत असा सल्लाही त्याने एकेकाळी दिला होता. त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला, पण संत म्हणून मिरवताना लोक हे पान उलटून टाकतात.

असे आवाज एकटे पडण्याचं कारण व्यवस्थेत होतं. 'पात्रोनातो' या व्यवस्थेनुसार बिशप कोण व्हावा हे स्पेनचा राजा ठरवी. गोव्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल, पोर्तुगिजांचं 'पाद्रुआदो' याच जातकुळीचं. बिशप राजाचा माणूस, धर्मगुरूची पंगत जमीनदाराच्या वाड्यावर. स्वातंत्र्यानंतरही ही घडी फारशी विस्कटली नाही. मेक्सिकोत १८१० मध्ये ग्वादालुपेच्या मारियेचं, म्हणजे येशूच्या आईचं, निशाण घेऊन उठाव करणारा मिगेल इदाल्गो धर्मगुरूच होता, पण चर्चच्या दरबाराने त्याला बहिष्कृतच केलं.

म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर १९६८ मध्ये मेदेयीनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेला महत्त्व आहे. चारशे वर्षं सत्तेच्या पंगतीत बसलेल्या संस्थेने तिथे पहिल्यांदा लिहून ठेवलं की इथली विषमता ही व्यवस्थेत मुरलेली हिंसा आहे. 'गरिबांना अग्रक्रम' हा शब्दप्रयोग पक्का झाला तो पुढच्या, म्हणजे १९७९ च्या पुएब्लातल्या परिषदेत.

'बेस कम्युनिटी' म्हणजे काय? त्यांची बैठक कशी चालते?

वस्तीतल्या सामान्य ख्रिस्ती माणसांनी एकत्र बसून बायबल वाचायचे छोटे गट. मोठमोठ्या ठरावांपेक्षा हेच खरं यंत्र होतं. कारण अगदी व्यवहारी: खेडी खूप, धर्मगुरू थोडे. एकेका वाडीला वर्षातून एक-दोनदाच मिस्सा, म्हणजे धर्मगुरूने करायची मुख्य उपासना, मिळायची. मग सामान्य माणसांनाच तयार करायचं ठरलं. होंडुरासच्या चोलुतेकात १९६६ पासून 'वचनाचे प्रतिनिधी' नेमले जाऊ लागले, त्यांतले बहुतेक शेतकरी.

गट दहा ते वीस जणांचा. जागा कुणाचं तरी घर, वेळ कामावरून परतल्यानंतरची. पद्धत 'पाहा, पारखा, करा' अशी तीन टप्प्यांची. बेल्जियममधल्या तरुण कामगारांच्या चळवळीतून ती इथे आली.

पाहा: या आठवड्यात काय घडलं? कुणाची मजुरी बुडाली, कुणाचं पोर दवाखान्यात पोचण्याआधी गेलं, विहिरीचा पंप कुणी बंद पाडला. इथे उपदेशाला मनाई.

पारखा: शुभवर्तमानातला एक उतारा मोठ्याने वाचायचा, बहुधा दोनदा, कारण अर्ध्या लोकांना वाचता येत नसे. मग प्रश्न एकच: हे आपल्याबद्दल काय सांगतं? सिंहासनावरच्यांना खाली खेचणारा आणि भुकेल्यांना पोटभर देणारा देव मारियेच्या गीतात आहे. लूकच्या पहिल्याच अध्यायातलं हे गीत लोकांना जन्मभर तोंडपाठ होतं, त्याचा अर्थ मात्र इथे नव्याने लागला.

करा: काम ठरवायचं, नाव घालून. 'आपण सगळे मिळून बघू' असं ठरलं की कुणीच बघत नाही. पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या कामाच्या जाबाने.

आणि बिघडतं कुठे?

तीन ठिकाणी. पहिलं, लिहितावाचता येणारा एखादा बोलका माणूस सगळी बैठक खाऊन टाकतो. धर्मगुरू हजर असेल तर सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात, म्हणून अनुभवी धर्मगुरू मुद्दाम मागे बसत. दुसरं, खबरे. एल साल्व्हादोरमध्ये त्यांना 'ओरेखा' म्हणजे 'कान' म्हणत. बैठकीतली यादी बराकीत पोचली की माणसं रात्रीतून उचलली जात. ग्वातेमालाच्या किचे भागात बायबल शिकवणाऱ्यांच्या इतक्या हत्या झाल्या की १९८० मध्ये तिथल्या बिशपांनी अख्खा धर्मप्रांतच बंद करून धर्मगुरूंना बाहेर काढलं.

तिसरं दुखणं सगळ्यात चिवट. हे गट खालून उभे राहिले, पण छप्पर बिशपचंच. बिशप निवृत्त झाला आणि रोमने जागी उलट्या मताचा माणूस बसवला की प्रशिक्षण केंद्राला कुलूप, छापखाना बंद, सिस्टरांची बदली. गोळीबारात टिकलेले गट या बदल्यांनी संपले. आमच्या मते या चळवळीच्या ओहोटीचं हे कारण मार्क्स आणि मॉस्कोच्या चर्चेपेक्षा जास्त वजनाचं आहे.

हे सगळे बंदूकधारी पाद्री होते का?

मोजके होते. कोलंबियाचे कामिलो तोरेस हे धर्मगुरू आणि समाजशास्त्रज्ञ गनिमांना जाऊन मिळाले आणि १५ फेब्रुवारी १९६६ रोजी पहिल्याच चकमकीत मारले गेले. पोस्टरवर शोभावा असा चेहरा असल्यामुळे सगळ्या चळवळीला तो चिकटला. मारल्या गेलेल्या शेकडो धर्मगुरू, सिस्टर आणि धर्मशिक्षकांपैकी बहुतेकांच्या हातात मात्र फार तर बायबल किंवा रेशनची यादी होती.

आर्चबिशप रोमेरो सुरुवातीपासून बंडखोर होते का?

उलट. ओस्कार रोमेरो यांनी २२ फेब्रुवारी १९७७ रोजी एल साल्व्हादोरची राजधानी सान साल्व्हादोर इथल्या चर्चची सूत्रं हाती घेतली तेव्हा कॉफीचे मळेवाले खूश होते आणि चळवळीतले धर्मगुरू हिरमुसले होते. माणूस पुस्तकी, भिडस्त, वाद टाळणारा. तीन आठवड्यांत, १२ मार्चला, त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांना एल पाइस्नालच्या वाटेवर एक म्हातारा आणि एक शाळकरी मुलगा यांच्यासह गोळ्या घालून मारलं गेलं.

रोमेरोंनी दोन गोष्टी केल्या. चौकशी होईपर्यंत सरकारी समारंभाला पाऊल ठेवायचं नाही, असं ठरवलं. आणि २० मार्चच्या रविवारी आर्चडायोसिसमधल्या, म्हणजे आपल्या हाताखालच्या धर्मप्रांतातल्या, सगळ्या मिस्सा रद्द करून फक्त कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. पोपच्या राजदूताचा याला विरोध होता. बाहेरच्याला यात काय मोठंसं वाटेल; पण ज्या देशात रविवारची मिस्सा हे घड्याळ आहे, तिथे हे घड्याळ थांबवण्यासारखं होतं.

पुढची तीन वर्षं त्यांचं हत्यार एकच: रविवारचं प्रवचन, वायएसएएक्स या चर्चच्या रेडिओवरून थेट. तास, दीड तास चाले. आधी त्या दिवसाचं वचन आणि मग 'आठवड्यातल्या घटना': कोण मारलं गेलं, कुणाला कुठल्या गावातून नेलं, नावानिशी. या मजकुरामागे चर्चच्या कायदा मदत कार्यालयात जमा होणाऱ्या जबान्या असत. वर्तमानपत्रं जे छापत नव्हती ते खेड्यापाड्यांत ट्रान्झिस्टरवर ऐकू येई, म्हणूनच स्टेशनवर पुन्हा पुन्हा बॉम्ब पडले. २३ मार्च १९८० च्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना थेट सांगितलं की मारण्याचा हुकूम देवाच्या आज्ञेविरुद्ध असेल तर तो पाळायला तुम्ही बांधील नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्करुग्णांच्या इस्पितळातल्या छोट्या चॅपेलमध्ये मिस्सा चालू असताना दारातून एकच गोळी आली.

संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये या कटामागे मेजर रोबेर्तो दाउब्विसोन असल्याचं नोंदवलं, पण तोवर तो वारला होता. संतपद मिळायला २०१८ उजाडलं. उशिराचं कारण तांत्रिक वाटेल, पण आतून राजकीय आहे. हुतात्मा ठरायला मारणाऱ्याच्या मनात 'श्रद्धेचा द्वेष' असावा लागतो. इथे मारणारेही बाप्तिस्मा झालेले कॅथलिकच, मग हा खून धर्मासाठी की राजकारणासाठी, यावर फाइल वर्षानुवर्षं अडकली.

पिनोशेच्या चिलीत चर्चने नेमकं काय केलं?

कागद ठेवले. हे उत्तर कोरडं वाटेल, म्हणून सविस्तर सांगतो.

जनरल पिनोशे ज्यातून सत्तेवर आला त्या ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर काही आठवड्यांत कॅथलिक, लुथेरन, मेथडिस्ट आणि ज्यू मंडळींनी मिळून मदत समिती काढली. पिनोशेच्या दबावामुळे १९७५ च्या अखेरीस ती बंद करावी लागली. कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस यांनी लगेच १ जानेवारी १९७६ पासून तेच काम 'व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद' या नावाने सुरू केलं. खुबी रचनेत होती. समिती ही संस्था होती, तिच्यावर दबाव आणता आला. व्हिकारिया हा थेट आर्चडायोसिसचाच विभाग होता, सांतियागोच्या मुख्य चौकात, कॅथेड्रलला लागून. तो बंद करायचा तर चर्चवरच हात टाकायला हवा, आणि स्वतःला ख्रिस्ती संस्कृतीचा रखवालदार म्हणवणाऱ्या राजवटीला ते परवडणारं नव्हतं.

नवरा किंवा मुलगा उचलला गेला की बाई तिथे येई. समाजसेविका तिची जबानी घेई: तारीख, वेळ, गाडी कोणती, अंगावर कपडे काय होते, कुणी पाहिलं. मग वकील 'रेकुर्सो दे आंपारो' तयार करी, म्हणजे आपल्याकडची हेबियस कॉर्पस याचिका. ती अपील कोर्टात दाखल होई, कोर्ट गृहखात्याला विचारी, गृहखातं कळवी की अशा नावाचा माणूस अटकेत नाही, आणि याचिका फेटाळली जाई. अशा हजारो याचिका गेल्या आणि जवळजवळ सगळ्या फेटाळल्या गेल्या.

मग कशाला करायच्या? कारण प्रत्येक फेटाळलेल्या कागदावर कोर्टाचा शिक्का आणि तारीख होती. सरकारने अमुक दिवशी खोटं सांगितलं याचा पुरावा सरकारनेच तयार करून दिला. १९७८ मध्ये लोनकेनच्या चुन्याच्या भट्ट्यांत पंधरा जणांचे अवशेष सापडले, तेव्हा ही माणसं अस्तित्वातच नव्हती असं म्हणणं संपलं. १९९० मध्ये लोकशाही परतल्यावर नेमलेल्या रेतिग सत्यशोधन आयोगाचा मोठा आधार हेच दप्तर होतं आणि पुढच्या खटल्यांतही ते कामी आलं. किंमतही मोजावी लागली. व्हिकारियात काम करणारे समाजशास्त्रज्ञ खोसे मानुएल पारादा यांना मार्च १९८५ मध्ये दोघा सोबत्यांसह पळवून नेऊन गळा चिरून मारलं गेलं.

चिलीच्या त्या गोधड्यांसारख्या चित्रांचा याच्याशी काय संबंध?

त्या 'आर्पियेरा'. पिठाचं किंवा धान्याचं पोतं उसवून त्यावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या टाचायच्या. वर आंदेसचे डोंगर आणि सूर्य, खाली घरं, मध्ये बाहुल्यांएवढी माणसं, चिंध्या भरून उठावाची केलेली. लांबून अगदी पोरांच्या खोलीत लावावंसं चित्र. जवळ गेलं की दिसतं: दाराशी पोलिसांची गाडी आहे, कोर्टाच्या दारावर फुली मारली आहे, बायकांच्या हातात 'कुठे आहेत?' असा फलक आहे. काही तुकड्यांच्या पाठीला छोटा खिसा शिवून त्यात दोन ओळींची चिठ्ठी घातलेली असे. व्हिकारिया हे तुकडे विकत घेऊन परदेशी पाठवी, त्यामुळे घरात पैसे येत आणि बातमी बाहेर जाई.

शेजारच्या अर्जेंटिनात असं का झालं नाही?

तिथे १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा बहुतेक बिशप गप्प बसले, काही उघड लष्कराच्या बाजूने होते. लष्कर आणि चर्च यांचं साटंलोटं जुनं होतं आणि लष्करी चॅप्लनांची, म्हणजे सैन्यात नेमलेल्या धर्मगुरूंची, फळी मोठी होती. बोचरी गोष्ट अशी की लष्करी चॅप्लनांच्या कार्यालयातही बेपत्ता माणसांच्या नावांची कार्डं होती. चिलीत कार्डं कुटुंबांच्या वकिलाकडे गेली, इथे कपाटात राहिली. क्रिस्तियान फोन वेर्निख या पोलिस चॅप्लनला तर छळ आणि खुनांतल्या सहभागाबद्दल २००७ मध्ये जन्मठेप झाली.

सगळेच तसे नव्हते. ला रियोखाचे बिशप एन्रीके आंखेलेयी ४ ऑगस्ट १९७६ रोजी 'मोटार अपघातात' गेले. तो खून होता हे कोर्टात सिद्ध व्हायला २०१४ साल लागलं.

पोकळी भरली ती बेपत्ता मुलांच्या आयांनी. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा जणी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लासा दे मायोमध्ये जमल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी, पोलिस म्हणाले चालत राहा, म्हणून त्या जोडीजोडीने चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या. डोक्यावरचा पांढरा रुमाल त्याच वर्षी लुखानच्या मारियेच्या यात्रेतला: गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून बाळाचं कापडी लंगोट डोक्याला बांधलं. संस्थापक आसुसेना व्हियाफ्लोर यांना आणि त्यांना साथ देणाऱ्या दोन फ्रेंच सिस्टरांना डिसेंबर १९७७ मध्ये पळवून नेलं गेलं आणि विमानातून समुद्रात फेकलं गेलं.

व्हॅटिकनने यावर बंदी घातली होती ना?

सरसकट बंदी कधीच नव्हती. कार्डिनल रात्सिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट) यांच्या खात्याने १९८४ मध्ये एक कडक पत्रक काढलं: मार्क्सवादी विश्लेषण डोळे मिटून घेऊ नका. १९८६ च्या दुसऱ्या पत्रकाचा सूर मऊ होता. गुतिएरेस यांची वर्षानुवर्षं तपासणी झाली, पण दोषी ठरवलं गेलं नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांची भेट घेतली. ते २०२४ मध्ये ९६ व्या वर्षी वारले. आणखी एक गंमत: १९७१ मध्येच लिमात 'सोदालिसियो' ही उलट्या विचारांची संस्था निघाली होती. आतल्या अत्याचारांची प्रकरणं उघडी पडल्यावर २०२५ मध्ये व्हॅटिकनने ती बरखास्त केली.

निकाराग्वात तर धर्मगुरूच मंत्री होते. मग आता काय झालं?

१९७९ मध्ये डाव्या सांदिनिस्ता पक्षाने केलेल्या क्रांतीनंतर कवी एर्नेस्तो कार्देनाल संस्कृतीमंत्री झाले, मिगेल देस्कोतो परराष्ट्रमंत्री. मार्च १९८३ मध्ये मानाग्वाच्या विमानतळावर पोप जॉन पॉल दुसरे गुडघे टेकलेल्या कार्देनाल यांना बोट दाखवून दटावताना जगाने पाहिले. आज त्याच पक्षाचे दानिएल ओर्तेगा चर्चच्या मागे लागले आहेत. बिशप रोलांदो आल्वारेस यांना २०२३ मध्ये २६ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि जानेवारी २०२४ मध्ये देशाबाहेर घालवलं. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं विद्यापीठ ऑगस्ट २०२३ मध्ये जप्त झालं. कार्देनाल स्वतः बऱ्याच आधी ओर्तेगांचे विरोधक बनले होते.

स्पेनमध्ये?

हुकूमशहा फ्रँकोच्या राज्यात चर्च सत्तेचा खांब होतं, पण साठच्या दशकात बास्क आणि कामगार वस्त्यांतले धर्मगुरू फिरले. १९५३ च्या व्हॅटिकन कराराने धर्मगुरूंना इतर कैद्यांपासून वेगळं ठेवायची सवलत होती. त्याचाच आधार घेऊन १९६८ मध्ये सामोरा इथे खास धर्मगुरूंसाठी तुरुंग उघडला. मान म्हणून मागितलेल्या सवलतीचा असा उपयोग होईल, हे करार लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

चर्च सोडायचं असेल तर तिथे काय प्रक्रिया असते?

याला 'आपोस्तासिया' म्हणतात. ज्या धर्मप्रांतात बाप्तिस्मा झाला तिथे लेखी अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि बाप्तिस्म्याचा तपशील द्यायचा. अर्ज मुख्यतः अडतो तो चर्चचं नाव किंवा साल आठवत नसल्याने, त्यामुळे आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. मंजूर झाला की बाप्तिस्म्याच्या वहीत समासात नोंद होते. मूळ नोंद खोडली जात नाही, आणि ती खोडायची सक्ती करता येणार नाही असा निकाल स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. स्पेनच्या आयकर फॉर्मवर चर्चसाठी ०.७ टक्क्याची चौकट असते. ती न भरल्याने कर कमी होत नाही, फक्त तो वाटा चर्चला जात नाही.

अर्जेंटिनात ऑगस्ट २०१८ मध्ये सिनेटने गर्भपाताचं विधेयक फेटाळल्यावर असे अर्ज सामूहिकपणे भरले गेले. गर्भपात हक्काचा हिरवा रुमाल हा प्लासा दे मायोच्या पांढऱ्या रुमालाचाच वंशज, आणि चर्च-राज्य वेगळं करा म्हणणाऱ्यांचा नारिंगी. त्या हिरव्या गर्दीत 'निवडीच्या हक्कासाठी कॅथलिक' म्हणवणाऱ्या बायकाही होत्या. कायदा ३० डिसेंबर २०२० रोजी झाला.

मग गरीब लोक पेंटेकोस्टल का झाले?

पेंटेकोस्टल म्हणजे पवित्र आत्मा आणि प्रार्थनेने बरं होण्यावर भर देणारे प्रोटेस्टंट. तिकडे म्हणतात, चर्चने गरिबांना निवडलं आणि गरिबांनी पेंटेकोस्टलांना. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत लॅटिन अमेरिकेतले ८४ टक्के लोक कॅथलिक म्हणून वाढले होते, पण ६९ टक्केच कॅथलिक राहिले होते. कारणं साधी. पास्टर वस्तीतलाच असतो, त्याला सात-आठ वर्षं सेमिनरीत घालवावी लागत नाहीत. नवऱ्याची दारू सुटते, तो पैसा घरात राहतो. आजाऱ्यावर हात ठेवून आज रात्रीच प्रार्थना होते. बेस कम्युनिटी म्हणायची, पुढच्या बैठकीला दवाखान्याच्या मागणीचा अर्ज आणा. अर्ज बरोबरच होता, पण ताप आज आलेला असतो.

महाराष्ट्राशी काही धागा?

एक खरा आहे. अरविंद निर्मल या मराठी धर्मपंडितांनी १९८१ मध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली, त्यातून दलित थिऑलॉजी उभी राहिली. लॅटिन अमेरिकेचा वर्गाचा चष्मा इथे जसाच्या तसा लावला की जात दिसत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. मुंबई-वसई-गोव्याच्या धर्मग्रामांतले शेजारगट बेस कम्युनिटीसारखे दिसतात, पण तिथे 'करा' हा टप्पा बहुधा रोझरी आणि आजाऱ्याच्या भेटीपर्यंतच पोचतो.

प्रत्यक्ष पाहायचं तर कुठे जावं?

सांतियागोत २०१० पासून स्मृती संग्रहालय आहे, तिथे आर्पियेरा पाहता येतात. सान साल्व्हादोरमध्ये रोमेरोंचं इस्पितळातलं चॅपेल आणि शेजारची त्यांची छोटी खोली दाखवतात. त्याच शहरात जेझुइटांच्या मध्य अमेरिका विद्यापीठात १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे लष्कराने सहा जेझुइट, स्वयंपाकीण एल्बा रामोस आणि तिची मुलगी सेलिना यांना मारलं. ज्या हिरवळीवर काही मृतदेह पडले होते तिथे आता गुलाबाची बाग आहे. ती एल्बाच्या नवऱ्याने लावली. तो तिथलाच माळी होता.